तांदूळ आणि घेवडा घालून मिलानी मिनेस्त्रोने: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा मिनेस्त्रोने केलं तेव्हा तीन तास उलटले तरी घेवड्याचे दाणे दाताखाली करकरत होते. बटाट्याचा लगदा झाला होता आणि तांदळानं सगळं पाणी पिऊन टाकलं होतं. नोव्हेंबरचा महिना, बाहेर मिलानचं दाट धुकं, आणि खोलीवर जेवायला बोलावलेल्या दोन मैत्रिणी. शेवटी आम्ही ब्रेड आणि चीज खाऊन झोपलो. सगळ्या भाज्या, घेवडा, टोमॅटो, तांदूळ एकदम पातेल्यात लोटून वर झाकण ठेवलं होतं, तिथेच सगळं बिघडलं.

पुढच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या सिन्योरांना, म्हणजे इटालियन बाईंना, विचारलं. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी कागदावर काही लिहून दिलं नाही. शनिवारी सकाळी मला वियाले पापिनियानोच्या बाजारात घेऊन गेल्या आणि मग स्वतःच्या ओट्याशी उभं केलं. त्यानंतर चार हिवाळे मी हे मिनेस्त्रोने करते आहे. हॉस्टेलवर किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, पोटाला आधार देणारं शाकाहारी जेवण शोधणाऱ्या कुणालाही ते जमावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सिन्योरांच्या सांगण्यातलं मला सगळ्यात पटलेलं वाक्य असं: भाज्यांना पातेल्यात जायचा आपापला नंबर असतो. तो पाळला की बाकीचं आपोआप जमतं.

आधी नावाचं. मिनेस्त्रा म्हणजे भाज्या, तांदूळ किंवा पास्ता घातलेलं सूप. त्याला ‘ओने’ लागलं की मोठं, भरभक्कम मिनेस्त्रा. शेवटचा ‘ए’ उच्चारायचा, मिनेस्त्रोन म्हणू नका. प्रत्येक प्रांताची तऱ्हा वेगळी. जेनोव्हाचे लोक शेवटी पेस्तो, म्हणजे बेसिलची चटणी, घालतात आणि त्यांच्याकडे बारीक पास्ता असतो. तोस्कानात शिळा पाव घालून रिबोल्लिता होते, म्हणजे पुन्हा उकळलेली. मिलानच्या मिनेस्त्रोनेत तांदूळ असतो आणि बोरलोत्ती नावाचा घेवडा असतो. आपल्यासारख्या भात खाणाऱ्यांना हीच तऱ्हा जवळची वाटते, म्हणून इथे तीच सांगते.

१. साहित्य आणि भांडी

पाच जणांना पोटभर पुरेल असं प्रमाण:

- सुका बोरलोत्ती घेवडा २०० ग्रॅम
- तांदूळ १५० ग्रॅम, म्हणजे माणशी साधारण ३० ग्रॅम
- कांदा १ मोठा, गाजरं २, सेलरीच्या दांड्या २, लसणीची १ पाकळी
- बटाटे २ मध्यम
- सावॉय कोबी, म्हणजे सुरकुतलेल्या पानांचा, पाव गड्डा
- झुकिनी २, फरसबी मूठभर, मटार मूठभर
- पिकलेले टोमॅटो २, किंवा डब्यातले सोललेले अर्धा डबा
- ऑलिव्ह तेल ४ मोठे चमचे
- सेजची ३-४ पानं, तमालपत्र १, मूठभर पार्सली
- पार्मेझान किंवा ग्राना पादानोच्या सालीचा एक तुकडा, आणि वरून किसायला चीज
- जाडं मीठ, मिरपूड

भांड्यांत पाच लिटरचं जाड बुडाचं पातेलं हवंच. पातळ बुडाच्या भांड्यात शेवटी तांदूळ तळाला लागतो आणि करपल्याचा वास सगळ्या पातेल्यात पसरतो. पावभाजीचा मॅशर असला तर उत्तम, नसला तर डावाची पाठ चालते. शेजारी गरम पाण्याची किटली ठेवा, ती सारखी लागेल.

बाजारात किंवा दुकानात उपयोगी पडणारे शब्द: सुका घेवडा ‘फाजोली सेक्की’, ताजा ‘फ्रेस्की’, सेलरी ‘सेदानो’, सावॉय कोबी ‘वेर्झा’, पार्सली ‘प्रेत्सेमोलो’, सेज ‘साल्विआ’, तमालपत्र ‘आल्लोरो’, चीजची साल ‘क्रोस्ता’. पापिनियानोचा बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो. हे शब्द बोललात की भाजीवाला आपणहून बोलायला लागतो आणि आज काय चांगलं आहे तेही सांगतो.

२. शाकाहारी असाल तर हे आधी वाचा

या नावात मांस नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मिलानच्या जुन्या पद्धतीत मिनेस्त्रोनेत डुकराची चरबी, पांचेत्ता (डुकराचं खारवलेलं मांस) किंवा कातडी घालतात. बाहेर खाणार असाल तर ‘चे पांचेत्ता?’ (यात पांचेत्ता आहे का?) एवढं तरी विचारा, आणि पाणी साधं की मांसाचा ‘ब्रोदो’ तेही विचारा. ब्रोदो म्हणजे हाडामांसाचं किंवा भाज्यांचं उकळून काढलेलं पाणी. सुपरमार्केटातले ‘दादो’ नावाचे चौकोनी खडे घ्याल तर वेष्टन वाचा. ‘वेजेताले’ लिहिलेलं हवं. मला विचाराल तर ते खडे घेऊच नका. साध्या पाण्यात होतं आणि भाज्यांची खरी चव लागते.

दुसरी गोष्ट अनेकांना वर्षानुवर्षं माहीत नसते. पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे अस्सल पार्मेझान, आणि ग्राना पादानो या दोन्ही चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट वापरतात. ते त्यांच्या नियमातच आहे, त्यामुळे या नावाचं शाकाहारी चीज मिळत नाही. ज्यांना ते चालत नाही त्यांनी ‘काल्यो वेजेताले’ किंवा ‘काल्यो मिक्रोबिको’ लिहिलेलं दुसरं कडक चीज घ्यावं. काल्यो म्हणजे रेनेट. घरी भारतात करत असाल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघा. सालीचा तुकडा वगळला तर मिनेस्त्रोने थोडं हलकं होईल, पण होईल. त्या जागी घेवड्याचं पाणी जास्त वापरा.

३. घेवडा: आदल्या रात्रीचं काम

बाजारात बोरलोत्ती पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तिथेच थबकले. फिकट गुलाबी दाण्यावर गर्द लाल पट्टे. मी साताऱ्याची. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा घरी पोत्यानं येताना पाहिलेला, आणि त्यावरचे पट्टे हुबेहूब असेच. दोघांची जात खरोखरच एक आहे. राजमा, वाघ्या घेवडा, बोरलोत्ती, सगळे एकाच वनस्पतीचे वाण, अमेरिकेतून आलेले. कोलंबसाच्या आधी इटलीत ‘फाजोली’ म्हणत ती आपल्याकडची चवळी. म्हणून कोरेगावचा वाघ्या किंवा चित्रा राजमा घेऊन हे सूप केलंत तर तुम्ही काही भलतंसलतं करत नाही.

रात्री घेवडा निवडून, धुऊन, तिप्पट पाण्यात भिजत घाला. आठ तास तरी, बारा तास उत्तम. पाण्यात एक चमचा मीठ घाला. मिठानं घेवडा कडक होतो असं अनेक घरांत सांगतात, पण भिजवताना घातलेल्या मिठानं साल उलट मऊ पडते. मिलानच्या नळाचं पाणी बऱ्यापैकी जड आहे. जड पाण्यात कडधान्य शिजायला वेळ लागतो, म्हणून चिमूटभर खायचा सोडाही घालते. चिमूटभरच. जास्त घातलात तर साबणासारखी चव येते आणि दाण्यांचा गाळ होतो.

सकाळी ते पाणी ओतून टाका. ताजं पाणी, तमालपत्र, सेजची दोन पानं, आणि मोठ्या आचेवर खदखदून उकळी. निदान दहा मिनिटं ती जोरात चालू द्या. कच्च्या घेवड्यात लेक्टिन असतं, ते पोटात गेलं की उलट्या-जुलाब होतात, आणि ते नुसत्या कोमट आचेनं जात नाही. स्लो कुकर वापरणाऱ्यांनी ही उकळी साध्या भांड्यात आधी काढलीच पाहिजे, पुढचं काम त्यावर सोडा.

दहा मिनिटांनंतर आच मंद करा. साधारण सव्वा तासात दाणे शिजतात. कुकरमध्ये वीस-पंचवीस मिनिटं. इथले बरेच कुकर आपल्यासारखी शिट्टी देत नाहीत, बारीक वाफ सोडत राहतात, त्यामुळे शिट्ट्या न मोजता घड्याळ लावा. दाणा शिजला का हे पाहायला सिन्योरांची युक्ती फार चांगली आहे: चमच्यात एक दाणा घेऊन त्यावर फुंकर घाला. साल उचलून सुरकुतली की झाला. मग बोटांत दाबून बघा, आत लोण्यासारखा हवा. मधे पांढरा कडक ठिपका दिसला तर अजून दहा मिनिटं.

शिजवलेलं पाणी फेकू नका. ते गुलाबीसर, थोडं चिकट पाणी म्हणजे सूपचा निम्मा जीव आहे. वाटीभर दाणे त्याच पाण्यात कुस्करून बाजूला ठेवा, बाकीचे अख्खे. आपण आमटी घोटून घट्ट करतो तसंच हे. जुन्या इटालियन घरांत त्यासाठी हातानं फिरवायची भाज्यांची गाळणी असते, पण मॅशरनं तेवढंच काम होतं.

माझ्या पहिल्या प्रयत्नात दाणे कडक राहिले ते इथेच. टोमॅटोचा आंबटपणा घेवड्याची साल घट्ट धरून ठेवतो. म्हणून घेवडा आधी पूर्ण शिजू द्या आणि टोमॅटोशी त्याची भेट नंतरच घडवा.

उन्हाळ्याच्या शेवटी बाजारात ताज्या बोरलोत्तीच्या शेंगा येतात, त्यांवरही तेच गुलाबी पट्टे. त्या सोलायच्या, भिजवायच्या नाहीत, चाळीसेक मिनिटांत शिजतात. शिजल्यावर पट्टे मावळतात, दाणा तपकिरी होतो. पहिल्यांदा बघून वाईट वाटतं, पण ते नैसर्गिक आहे. घाई असेल तर डबाबंद घेवडा दोन डबे, चाळणीत धुऊन, शेवटच्या टप्प्यात घाला.

४. भाज्या चिरणं

सगळ्यांचे तुकडे साधारण घेवड्याच्या दाण्याएवढे. एका चमच्यात चार वेगळ्या भाज्या आणि दोन दाणे आले पाहिजेत, हे माप डोळ्यासमोर ठेवा. बटाटा थोडा मोठा चिरा, कारण तो कडांनी विरघळतो. कोबीच्या पानांच्या मधल्या जाड शिरा काढून टाका. मटार सोडून बाकी सगळ्या भाज्या चिरून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा, हे सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं पण पुढे आच सोडून हलावं लागत नाही.

कोबीबद्दल एक गोष्ट. लोंबार्दीत, म्हणजे मिलानच्या प्रांतात, म्हणतात की वेर्झा पहिल्या गारठ्यानंतर खावा, थंडीनं तो गोड होतो. हे खरं आहे. नोव्हेंबरचा कोबी आणि जुलैचा कोबी यांत फरक जिभेला कळतो. तुम्ही ज्या महिन्यात करताय त्या महिन्याच्या भाज्या घ्या: हिवाळ्यात कोबी, लाल भोपळा, लीक, उन्हाळ्यात झुकिनी, फरसबी, ताजे टोमॅटो, मटार. वर दिलेली यादी बारमाही सुपरमार्केटची आहे, त्यातलं काही कमी-जास्त चालतं. गोठवलेल्या चिरलेल्या भाज्यांचं पाकीट मिळतं, त्यानं एखाद्या कामाच्या दिवशी भागतं. पण त्यात सगळं एका मापाचं आणि एका वयाचं असतं, आणि ज्याच्या-त्याच्या नंबरानं घालायचं म्हटलं तर पाकिटातून वेचत बसावं लागतं.

५. सोफ्रित्तो: सगळ्यात हळू टप्पा

कांदा, गाजर, सेलरी बारीक चिरून तेलात मंद आचेवर परतायचे, याला सोफ्रित्तो म्हणतात. आपल्या फोडणीची सवय इथे नडते. फोडणीत तेल कडकडीत तापवतो, मोहरी तडतडते, मग कांदा लाल होतो. इथे तेल कोमट असताना कांदा घालायचा आणि त्याचा रंग बदलू द्यायचा नाही. चिमूटभर मीठ घाला, म्हणजे भाज्या पाणी सोडतात. झाकण अर्धवट ठेवा आणि दर दोन मिनिटांनी हलवा.

पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. मग आवाज बदलतो: चर्र होत होतं ते बारीक फुसफुशीवर येतं, कांदा काचेसारखा पारदर्शक होतो, गाजराचा केशरी रंग तेलात उतरतो. हा टप्पा बारा ते पंधरा मिनिटांचा आहे. तो आवाज ऐकायला शिका, घड्याळापेक्षा तो जास्त खात्रीचा. कडेला कांदा तपकिरी व्हायला लागला तर दोन चमचे पाणी शिंपडा. शेवटी लसूण आणि सेज, एक मिनिट. लसूण लाल झाली तर कडवटपणा शेवटपर्यंत राहतो.

इलेक्ट्रिक शेगडीवर करणाऱ्यांसाठी: बटण कमी केलं तरी पाट चार-पाच मिनिटं तापलेलाच राहतो. हळदीच्या डागासारखा करपटपणा एकदा बसला की निघत नाही, म्हणून पातेलं काही सेकंद उचलून बाजूला धरा.

६. प्रत्येक भाजीचा नंबर

आता क्रम पाळायचा. वेळा माझ्या गॅसवरच्या आहेत, तुमच्याकडे दोन-तीन मिनिटं इकडे-तिकडे होतील.

पहिल्यांदा बटाटा. सोफ्रित्तोत दोन मिनिटं परता, म्हणजे त्याला तेल लागतं आणि तो लवकर फुटत नाही. मग टोमॅटो, पाच मिनिटं, कडेला तेल सुटेपर्यंत. मग दीड लिटर उकळतं पाणी, घेवड्याचं जपून ठेवलेलं पाणी, आणि चीजची साल. सालीचा बाहेरचा पृष्ठभाग सुरीनं खरवडून धुऊन घ्या. पार्मेझानची साल नैसर्गिक असते, ती खाताही येते. मेणाचा थर दिलेल्या इतर चीजची साल मात्र घालायची नाही. पंधरा मिनिटं मंद उकळू द्या.

पाणी नेहमी उकळतं घाला. गार पाण्यानं उकळी मोडते आणि भाज्या भांबावल्यासारख्या होतात, ना कच्च्या ना शिजलेल्या.

पंधरा मिनिटांनी कोबी आणि फरसबी. फरसबी आधी शिजवून ठेवायची गरज नाही. पुढच्या दहा मिनिटांनी झुकिनी आणि मटार. आणखी दहा मिनिटांनी घेवडा, अख्खा आणि कुस्करलेला दोन्ही. इथे मीठ चाखा. आधी मीठ कमीच ठेवायचं, कारण साल खारट असते आणि वरचं चीजही खारट असतं. मी पहिल्या वर्षी दोनदा खारट केलं, ते काही केल्या सुधारलं नाही. बटाटा जास्त घालून पाहिला, चव पातळ झाली, मीठ तसंच राहिलं.

या संपूर्ण वेळात हलवणं कमी. डावानं पाचदा ढवळलंत की बटाट्याच्या कडा मोडतात. पातेलं दोन्ही कानांनी धरून हलकं फिरवा, बस. आच इतकी मंद की वर मधूनमधून एखादा बुडबुडा फुटावा. झाकण पूर्ण बंद नको, एका बाजूला फट ठेवा, म्हणजे सूप आळत जातं.

७. तांदूळ शेवटी

मे महिन्यात मिलानहून तोरिनोकडे आगगाडीनं गेलात तर खिडकीबाहेर बघा. नोव्हारा, व्हेर्चेल्लीच्या आसपास मैलोन्‌मैल शेतात पाणी साठवलेलं असतं, आणि त्यात आल्प्सचं प्रतिबिंब. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कोकणातल्या खाचरांची आठवण आली, तीही मे महिन्यात, आपल्याकडे लावणी अजून दोन महिने दूर असताना. पो नदीच्या खोऱ्यातला हा तांदूळ जुना आहे. १४७५ सालच्या एका पत्रात मिलानचा ड्यूक गालेयाझ्झो मारिया स्फोर्झा फेर्राराच्या ड्यूकला तांदळाची १२ पोती पाठवायचं कबूल करतो. मिलानच्या सूपात तांदूळ कुठून आला याचं उत्तर शहराबाहेरच्या शेतांतच आहे.

बासमती अजिबात नको. तो मोकळा राहायला जन्मलेला, सूपात लांब काड्यांसारखा तरंगतो आणि रसाशी त्याचा संबंध राहत नाही. इटलीत ‘ओरिजिनारिओ’ नावाचा आखूड गोल तांदूळ सूपासाठीच विकतात, स्वस्तही असतो. आर्बोरिओ किंवा व्हियालोने नानो मिळाला तर तोही चालतो. भारतात करताना मी इंद्रायणी वापरते. त्याचा चिकटपणा अगदी हवा तसा आहे, त्याचा वास मात्र हलकासा लागतो, तेवढं मला चालतं. साधा जाडा तांदूळही चालेल. आंबेमोहोर मी एकदा घालून पाहिला, वास इतका पुढे आला की सेज आणि घेवडा मागे पडले.

तांदूळ धुऊ नका. आपल्या हाताला हे जड जातं, मलाही गेलं. पण धुण्यात जो पिठूळपणा जातो, त्यानंच सूप दाट होतं. फक्त स्वच्छ निवडून घ्या.

घेवडा घातल्यावर उकळी आली की तांदूळ घाला. ओरिजिनारिओ साधारण तेरा-चौदा मिनिटं, आर्बोरिओ सोळा-सतरा. पाकिटावर वेळ छापलेली असते, त्यापेक्षा दोन मिनिटं आधी गॅस बंद करा, कारण गरम सूपात तांदूळ पुढेही शिजत राहतो. शितात बारीकशी कणी राहिलेली असताना बंद केलंत तर ताटात येईपर्यंत तो नेमका होतो. या मिनिटांत मात्र ढवळायला हवं, तळाशी दोनदा डाव फिरवा. पाणी कमी वाटलं तर उकळतं अर्धा कप.

आणि ही सगळ्यात महत्त्वाची सूचना: तांदूळ जेवढं त्या जेवणात संपणार आहे तेवढ्यातच घाला. पाच जणांचं सूप करून दोघंच जेवणार असाल तर सूपचा भाग दुसऱ्या भांड्यात काढा, त्यात दोघांचा तांदूळ शिजवा. तांदूळ पातेल्यात राहिला तर तो रात्रभर रस पीत राहतो आणि सकाळी गिचगोळा मिळतो. पहिल्या दिवशीच्या माझ्या भातानं पाणी प्यायलं ते यामुळेच, शिवाय मी तो सुरुवातीलाच घातला होता.

८. मसाल्याचा हात आवरा

मिरची, हळद, गरम मसाला, जिऱ्याची फोडणी, हे सगळं घालावंसं वाटतं. पहिल्या तीन वेळा घालू नका. यात चव दोन ठिकाणांहून येते, हळू परतलेल्या कांदा-गाजर-सेलरीतून आणि घेवड्याच्या पाण्यातून, आणि ती मसाल्याखाली दबते. तीनदा साधं करून जीभ बसली की मग चवथ्यांदा हवं तर मिरी वाढवा. मी आजही मिरपूडच घालते. तुमच्या घरच्यांना तिखट लागत असेल तर वाटीत वेगळा ठेचा द्या. ज्याला हवा तो घेईल, पातेलं मूळ चवीचं राहील.

पेस्तो घालावा का असं नवे लोक विचारतात. तो जेनोव्हाचा, तिथल्या मिनेस्त्रोनेत तो हवाच. घालायचाच असेल तर गॅस बंद केल्यावर, उकळीत नाही. उकळलेल्या बेसिलचा रंग काळपट होतो.

९. वाढणं

गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. या दहा मिनिटांत तांदूळ आणि रस एकमेकांत बसतात. तमालपत्र आणि उरलेली साल काढून टाका. साल मऊ झाली असेल तर बारीक तुकडे करून पुन्हा घाला, आमच्या घरी तिच्यासाठी भांडण होतं. वर चिरलेली पार्सली, कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार, आणि टेबलावर चीज किसायला. चीज पातेल्यात घालू नका, गोळे होऊन तळाशी बसतं.

दाटपणा तपासायचा तर डाव उभा धरा. रस डावावरून पाण्यासारखा ओघळत असेल तर पातळ आहे, कुस्करलेले दाणे वाढवा. डाव रुतून उभाच राहत असेल तर अर्धा कप उकळतं पाणी. मध्यम हवं, आपल्या घट्ट आमटीएवढं.

हिवाळ्यात हे गरम. पण मिलानमध्ये जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात तेच मिनेस्त्रोने खोलीच्या तापमानाला आणून खातात. सिन्योरा दुपारी करून खोलगट ताटल्यांत ओतून ठेवायच्या. संध्याकाळपर्यंत वर पातळ पापुद्रा धरायचा, तांदूळ रस शोषून बसायचा, आणि चमचा घातला की तो पापुद्रा सायीसारखा दुमडत जायचा. पहिल्यांदा मला ते विचित्र वाटलं, गार सूप कोण खातं? दुसऱ्या घासाला घेवड्याची आणि सेजची चव इतकी स्पष्ट लागली की तेव्हापासून जूननंतर मी गरम करतच नाही. एक काळजी घ्यायची: शिजलेला भात दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, त्यात विषबाधा करणारे जीवाणू वाढू शकतात. त्यामुळे मी तांदळासहित केलेलं सूप दोन तासांच्या आत संपवते, जास्त वेळ लागणार असेल तर थंड झाल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवते आणि खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढते.

१०. उरलेलं

तांदूळ न घातलेलं सूप फ्रिजमध्ये तीन दिवस छान राहतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेलं लागतं. पसरट भांड्यात काढून लवकर गार करा, भरलेलं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर मध्यभाग तासन्‌तास गरम राहतो. जास्त झालं तर माणशी एक डबा असे भाग करून फ्रीझरमध्ये ठेवा, डब्यावर तारीख लिहा. बटाटा गोठून वितळल्यावर थोडा भुसभुशीत होतो. फ्रीझरसाठी वेगळं काढणार असाल तर त्या भागात बटाटा कमी ठेवा. गरम करताना उकळी येऊ द्या, त्या वेळी तांदूळ घाला, आणि पुन्हा तेरा-चौदा मिनिटांचा गजर लावा.

भात घालून उरलेलं असेल आणि ते घट्ट झालं असेल तर फेकू नका. एका तव्यावर चमचाभर तेल घालून पसरवा, मंद आचेवर खाली खरपूस होऊ द्या, वर चीज. सकाळच्या नाश्त्याला ते चांगलं लागतं.